नाण्याला बट्टा लागू नये म्हणून

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



काल रात्री गाण्यांच्या भेंड्या दीड वाजेपर्यंत चालल्या आणि आज सकाळी साडेनऊचे सत्र माझ्या वाट्याला आले. म्हणजे शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास ज्या सरांना मिळायचा, त्यांचे काय होत असेल ते मला आज कळले. ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी, फक्त शेवटची पाच मिनिटे जागे राहावे. शेवटी मी एक वस्तू तुमच्या हातात देणार आहे.

तुम्हाला माहीत आहे, साताऱ्यातून बाहेर पडलो तो मी सांगलीला चिकटलो. उभी नोकरी बँकेत, त्यातली बरीचशी कॅशियरच्या पिंजऱ्यात. पैसे मोजणे हे पोटापाण्याचे काम आणि नाणी पाहणे हा छंद. मी काही नाणेशास्त्राचा पंडित नाही. पण गेली चाळीस वर्षे जुनी नाणी हातात घेतली, घेताना चुका केल्या, काही वाचले, जाणकारांची बोलणी खाल्ली. तेवढ्या जोरावर बोलतो.

विषय मीच मागून घेतला, त्याला कारण घडले. दोन महिन्यांपूर्वी आपल्या ग्रुपवर मी लिहिले होते, की घरात जुनी नाणी असतील तर फोटो पाठवा, ओळखून सांगतो. फोटोंचा पाऊस पडला. शिवराया आल्या, राणीछाप रुपये आले, भोकाचे पैसे आले. आणि त्यातली निम्मीअधिक नाणी लखलखीत! एका मैत्रिणीने फोटोखाली प्रेमाने लिहिले होते, "तुला नीट दिसावीत म्हणून काल दुपारभर बसून घासली रे." मी तिला अंगठ्याचे चित्र पाठवले आणि नंतर दहा मिनिटे खिडकीबाहेर बघत बसलो. ती कोण, हे शोधू नका. कारण घासणाऱ्यांच्या यादीत पहिला नंबर माझा आहे. तीच गोष्ट आधी सांगतो.

नववीत होतो. शाळेत इतिहासाचे प्रदर्शन भरायचे होते. आपले इतिहासाचे सर म्हणाले, घरी जुने काही असेल ते आणा. आमच्या आजीच्या देवघरात, चांदीच्या लक्ष्मीशेजारी, एक काळीकुट्ट शिवराई होती. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तिला हळदीकुंकू लागायचे. मी आजीच्या मागे लागून ती मागून घेतली. आता प्रदर्शनात न्यायची म्हणजे चकचकीत नको? चिंच लावली, मीठ लावले, नारळाच्या शेंडीने घासली. तरी खोबणीतला काळेपणा जाईना. शेजारी सुतारकाम चालायचे, तिथून पॉलिशपेपरचा तुकडा आणला. अर्ध्या तासात शिवराई नव्या तांब्याच्या तांब्यासारखी गुलाबी झाली. आजीसुद्धा म्हणाली, "लख्ख झाली की रे!"

दुसऱ्या दिवशी सरांनी ती हातात घेतली. खिशातून भिंग काढले, खिडकीशी गेले, बराच वेळ पाहिले.

"कुणी घासली?"

"मी, सर."

"छान घासलीस. आता हिच्यावर काय लिहिलंय, ते वाच."

मी भिंगातून पाहिले. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति' असते, हे पुस्तकात वाचलेले होते. माझ्या शिवराईवर वरचा 'श्री' अर्धामुर्धा होता, 'राजा'चा एक काना होता आणि त्याखाली नुसते गुळगुळीत तांबे. सर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच्या पेटीतली एक शिवराई आणली, काळपट तपकिरी, पण अक्षर न् अक्षर उठून दिसणारी. प्रदर्शनात दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. खाली चिठ्ठी लिहिली: 'यातली कोणती वाचता येते?' बस्स. माझे नाव लिहिले नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते प्रदर्शन पाहिले आहे. ती घासलेली शिवराई कुणाची, हे तुम्हाला आज सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी कळते आहे.

आता हे एवढे का लागते मनाला, ते सांगतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. तेव्हापासून ही तांब्याची शिवराई सुरू झाली आणि पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही निरनिराळ्या रूपांत निघत राहिली. ती यंत्राने पाडलेली नव्हे. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा, आणि वरून हातोड्याचा घाव. ठसा मोठा आणि तुकडा लहान, त्यामुळे पुष्कळदा सगळी अक्षरे नाण्यावर उतरतच नाहीत. ठसे कोरणारे कारागीर वेगवेगळे, म्हणून अक्षरांची वळणे वेगळी, कुठे 'शिव' तर कुठे 'सिव', कडेच्या ठिपक्यांची रांग वेगळी, मधली चिन्हे वेगळी. अभ्यासक याच बारीक फरकांवरून नाण्याचा काळ आणि प्रकार ठरवतात. म्हणजे शिवराईची किंमत तिच्या तांब्यात नाही, त्या अक्षरांत आहे. आणि पॉलिशपेपर पहिल्यांदा अक्षरेच खातो, कारण तीच वर आलेली असतात.

इंग्रजी नाण्यांचेही तेच. राणीछाप रुपयांत १८६२ हे साल सगळ्यात जास्त दिसते. कारण ते एकच साल घालून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते. मग खरे वर्ष ओळखायचे कसे? मुंबईच्या टांकसाळीच्या रुपयांवर त्यासाठी बारीक ठिपके आहेत. ते ठिपके मोहरीच्या दाण्याहून लहान. पितळी भांड्याची पावडर लावून दोन दिवाळ्या घासा, ठिपका गेला, आणि त्याबरोबर नाण्याची जन्मतारीखही गेली.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, बट्टा. नावाला बट्टा लागला, असे आपण म्हणतो. हा शब्द नाण्यांच्या बाजारातला. जुन्या काळी एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा, किंवा झिजलेला रुपया द्यायचा, तर सराफ त्याच्या किमतीतून काही कापून घेई. ते कापणे म्हणजे बट्टा. गावोगाव नाणी पारखायला पोतदार असे. सरकारात भरणा जाण्याआधी खरे-खोटे तो बघे. आपल्या वर्गातही पोतदार होते. त्यांना आम्ही चिडवायचो, पण आडनाव असे वजनदार आहे. हे सराफ-पोतदार रुपया दगडावर वाजवून पाहत, त्यावर छोटी खूण ठोकत, कसोटीच्या दगडावर घासत. खणखणीत नाणे, पारखलेला माणूस, हे सगळे शब्द तिथून आले. पण एक लक्षात घ्या. त्यांच्यासाठी रुपया म्हणजे चांदी होती. आपल्यासाठी तो कागदपत्र आहे, दस्तऐवज आहे. आजोबांचे खरेदीखत खरे की खोटे, हे पाहायला आपण ते दगडावर आपटतो का? म्हणून पारखण्याची जुनी रीत आता बदलायला हवी. तीच रीत सांगतो.

पहिली गोष्ट, नाणे उचलायचे कसे. हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. तेल लावलेले केस विंचरून, शेव खाऊन, हातांना क्रीम लावून नाण्याला शिवायचे नाही. आपल्या घामात मीठ असते. तांब्यावर उमटलेला अंगठा पंधरा दिवसांनी तपकिरी डाग होऊन वर येतो आणि मग तो जात नाही. म्हणून नाणे कडेने धरायचे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, जशी आपण चष्म्याची काच धरतो. दोन्ही तोंडांना बोट लागता कामा नये. हातमोजे घालायचे का, असे विचारतात. सुती मोज्यांत नाणे निसटते, आणि पडलेल्या नाण्याची कड एकदा चेपली की चेपली. घालायचेच तर डॉक्टरांकडे असतात तसे बिनापावडरचे नायट्राइलचे पातळ मोजे घाला. नाही तर स्वच्छ कोरडी बोटे पुरेत.

दुसरी गोष्ट, बसायचे कुठे. फरशीवर, उघड्या टेबलावर नाही. खाली घडी घातलेला मऊ टॉवेल हवा, आणि हात टॉवेलच्या वरच राहिला पाहिजे. म्हणजे सुटले तरी दोन इंचांवरून टॉवेलवर पडेल. चहाचा कप दुसऱ्या टेबलावर. आणि नाणे तोंडाजवळ धरून बोलायचे नाही. बोलताना थुंकीचे न दिसणारे तुषार उडतात, त्यांचे काळे ठिपके वर्षभराने दिसतात. माझ्यासारख्या बडबड्याला हा नियम सगळ्यात अवघड गेला. नाण्यावर फुंकर मारणे हा तर आपल्या सर्वांचा जन्मजात दोष. धूळ उडवायची असेल तर कॅमेऱ्याची भिंगे साफ करायला रबरी फुग्याचा पंप मिळतो, तो वापरा.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याला दाखवताना. आपल्याकडे मीठ हातावर देत नाहीत. नाणेही हातावर देऊ नये. आपण ते टॉवेलवर ठेवावे, दुसऱ्याने तिथून उचलावे. मधल्या मध्ये, 'मला वाटलं तू धरलंस', यातच नाणी पडतात. आणि दुसऱ्याचे नाणे पाहायचे तर आधी विचारावे. डबीतून बाहेर काढू का, म्हणून. हा शिष्टाचार आहे.

आता पाहायचे कसे. ट्यूबलाइटखाली नाणे सपाट दिसते. टेबलावरचा एकच दिवा एका बाजूने, तिरपा येईल असा ठेवा. नाणे हळूहळू कलते करा. उजेड अक्षरांवरून सरकतो तसे जे पुसट वाटत होते ते वर येते. भिंग दहापट पुरे. घड्याळजीसारखे भिंग डोळ्याशी न्यायचे आणि नाणे भिंगाजवळ आणायचे, आपण उलटे करतो. आधी अक्षरे पाहा, मग मोकळी जागा, मग कड. कडेवर जोड दिसला, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले, अक्षरांच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या वाटल्या, तर ते ठोकून पाडलेले नसून साच्यात ओतलेले असण्याचा संभव मोठा. शिवरायांच्या, आणि त्याहूनही सोन्याच्या होनांच्या, नकला बाजारात भरपूर आहेत.

मग वजन. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आता स्वस्त मिळतो. १८३५ च्या कायद्याने इंग्रजी रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरले आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. तुमचा राणीछाप रुपया साडेअकराच्या आसपास भरला, तर झीज धरून ठीक. नऊ भरला, तर आजोबांना कुणीतरी फसवले. लोहचुंबक लावून पाहायलाही हरकत नाही, चांदी-तांबे त्याला चिकटत नाही. पण चुंबकाला पातळ कागद गुंडाळा, नाही तर तोच ओरखडा काढील. जाडी मोजायची तर प्लॅस्टिकचे कॅलिपर घ्या, पोलादी नको. सोन्याचे नाणे असेल आणि शंका असेल, तर सराफाला कसोटीवर घासू देऊ नका. बऱ्याच सराफांकडे आता किरणांनी धातू तपासणारे यंत्र असते. त्यात नाण्याचा कणही जात नाही.

आणि रुपया वाजवून पाहणे बंद करा. मला माहीत आहे, हात शिवशिवतात. माझेही शिवशिवायचे, कॅशियर ना मी! काउंटरवर नाणे आपटून ऐकायची सवय नोकरीत लागली होती. एकदा एका ग्राहकाने आणलेला सुंदर रुपया मी सवयीने काउंटरवर टाकला. नाद अस्सल चांदीचा निघाला, आणि राणीच्या मुकुटावर नवी खोच पडली. ते म्हातारबा बिचारे म्हणाले, "राहू द्या साहेब, खरा आहे ना, मग झालं." मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

चौथी गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. धुवायचे नाही. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट नाही, भांड्यांची पावडर नाही, सराफाकडचे पॉलिशही नाही. तांब्यावर शे-दोनशे वर्षांनी जो तपकिरी थर येतो तो मळ नव्हे. तो त्या नाण्याने अंगावर घेतलेला कोट आहे, तो आतल्या धातूला राखतो. चांदीवरची करडी-निळसर झाक तशीच. संग्राहकाला ती हवी असते. परदेशी नाणी-मानांकन करणाऱ्या कंपन्या घासलेल्या नाण्याला साधा दर्जा देतच नाहीत, 'साफ केलेले' असा शेराच मारतात. म्हणजे तोच बट्टा, फक्त आता इंग्रजीत. नाणे काळे ठेवले तर पुढे केव्हाही साफ करता येईल. साफ केलेले मात्र पुन्हा काळे करता येत नाही.

याला अपवाद आहेत, ते प्रामाणिकपणे सांगतो. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसू लागली, बोटाने झटकली तर खाली खड्डा दिसला, तर तो रोग आहे. ओलाव्यात तो वाढतो. असे नाणे लगेच बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. आणि दुसरा अपवाद म्हणजे चिकट हिरवा लेप. त्याची गोष्ट माझ्याच घरची आहे.

१९९० च्या सुमारास मी मोठ्या हौसेने एक अल्बम आणला. मऊ प्लॅस्टिकचे खिसे, नव्या रेनकोटसारखा वास. वाटले, आता नाणी सुरक्षित. मग आला ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना तारीख सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णामाईने ५७ फूट ओलांडले आणि आमच्या तळमजल्यात छातीएवढे पाणी आले. माणसे वर होती, सुखरूप होती; तेव्हा नाण्यांचा विचारही मनात आला नाही. पाणी उतरल्यावर कपाट उघडले तेव्हा अल्बम गाळाने माखलेला. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते तीच ही कृष्णा. लहानपणी सहलीत त्याच पाण्यात आपण पैसे टाकले होते. म्हटले, बाई, व्याजासकट वसूल केलेस!

तेव्हा सरांची आठवण कामाला आली. गाळ म्हणजे बारीक वाळू, म्हणजेच पॉलिशपेपर. पुसला की ओरखडे. म्हणून एकही नाणे पुसले नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड पाणी असते, ते कॅनने आणले. एकेक नाणे वेगवेगळ्या वाटीत बुडवून ठेवले, पाणी बदलत गेलो, तीन-चार वेळा. गाळ आपोआप सुटला. मग मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसते टिपले आणि सावलीत वाळवले. पुराने एकाही नाण्याचे फारसे वाकडे केले नाही.

वाकडे केले होते ते माझ्या अल्बमने. पुराच्या कितीतरी आधीपासून त्या मऊ प्लॅस्टिकमधून द्रव पाझरत होता आणि रुपयांवर हिरवट चिकट लेप बसला होता. वर्षानुवर्षे मी पाने उलटायचो, पण नाणी बाहेर काढून पाहिली नव्हती. त्या प्लॅस्टिकला पीव्हीसी म्हणतात. लेप काढायला शुद्ध ॲसिटोन चालते, ते चिकटा विरघळवते आणि धातूला धक्का लावत नाही. पण ते पेट्रोलसारखे पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद, भांडे काचेचे, आणि नखांचे पॉलिश काढायची बाटली त्याऐवजी वापरायची नाही. माझे काही रुपये वाचले. काहींवर लेपाखाली चांदी खाल्ली गेली होती, ती गेली ती गेलीच. पुराला आम्ही शिव्या दिल्या, पण पूर आला नसता तर आणखी दहा वर्षे मी तो अल्बम उघडून पाहिला नसता.

म्हणून ठेवायचे कसे, ते थोडक्यात. मऊ, वास येणारे प्लॅस्टिक नको. कडक, पारदर्शक, 'पीव्हीसी नाही' असे स्पष्ट लिहिलेले खिसे किंवा नाण्याच्या मापाच्या गोल डब्या घ्या. रबरबँड तर मुळीच नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्र नको, लोकरीचे फडके नको. पाकिटावर जे लिहायचे ते नाणे आत घालण्याआधी लिहा. स्टेपल केलेले पाकीट उघडताना आधी पिना काढा. नाणे ओढून काढले की पिनेचे टोक राजाच्या गालावरून जाते. डब्यात औषधाच्या बाटलीत येते तशी ओलावा शोषणारी पुडी ठेवा आणि पावसाळ्यानंतर बदला. आणि सांगलीकरांनो, नाणी वरच्या मजल्यावर ठेवा.

आता दोन-तीन गोष्टी आपल्या वयाच्या. आपण सगळे आवराआवरीच्या वयात आलो आहोत. आई-वडिलांची घरे मोकळी होताहेत, ट्रंका उघडताहेत, वाटण्या होताहेत. अशा वेळी काय करायचे?

कपाटात पुतळ्यांची माळ असेल, रुपयांना कडी लावून केलेले दागिने असतील, तर त्या कड्या कापून नाणी 'मोकळी' करू नका. डाग लावलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने आधीच कमी झाले आहे; कापलेत तर नाणेही जाईल आणि दागिनाही. देवघरातल्या नाण्याला पंचामृत आणि कुंकू लागायचेच. ते देवाचे नाणे. ते तसेच राहू द्यावे, त्याची बाजारातली किंमत काढूच नये. मात्र देवघरात नेण्याआधी एकदा जाणकाराला दाखवा. नाही तर १९११ चा रुपया दर शुक्रवारी दुधात भिजायचा. तो किस्सा माहीत आहे ना? पंचम जॉर्जच्या त्या वर्षीच्या रुपयावर, राजाच्या वस्त्रावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले जेमतेम ७ लाख बाहेर गेले, बाकीचे वितळवले. पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारला. तो 'डुकराचा रुपया' ओळखायचा तर वस्त्रावरचा तो एवढासा हत्ती शाबूत हवा. पॉलिशने तोच आधी झिजतो.

घराचा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला, तर तो आपला नव्हे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे; दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, असा साठा अख्खाच बोलतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. कोणी कोणाला जिंकले, याचा तो पुरावा. ती नाणी वाटून घेऊन घरोघर घासली असती, तर खालचा नहपान कुणाला दिसला असता? आणि मुले परदेशी आहेत म्हणून शंभर वर्षांहून जुनी नाणी त्यांच्या बॅगेत घालू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर नातवासमोर शोभा होईल.

शेवटची सूचना फोनबद्दल. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात, आधी एवढे शुल्क भरा, असे निरोप तुम्हाला येत असतील. ती नाणी २०१२ मध्ये निघालेली, अजून चलनात आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितले, की तिच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी शुल्क मागणाऱ्यांशी तिचा काहीही संबंध नाही. जो किंमत द्यायच्या आधी पैसे मागतो, त्याला आपण बँकेत एकच नाव ठेवत होतो, ते इथे गुरुजनांसमोर सांगत नाही.

बराच बोललो. आता ती वस्तू.

ही माझ्या आजीची शिवराई. प्रदर्शन झाल्यावर सरांनी मला परत दिली तेव्हा म्हणाले होते, "टाकून देऊ नकोस. ठेव." अठ्ठेचाळीस वर्षांत तिच्यावर पुन्हा तपकिरी रंग चढला आहे, पण अक्षरे परत आली नाहीत, यायची नाहीत. 'शिव' मी पुसला, तो पुसलाच. सर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या शिवरायांचे पुढे काय झाले, हे विचारायचेही माझ्याकडून राहून गेले.

मी हा टॉवेल पहिल्या रांगेतल्या टेबलावर अंथरतो आणि तिच्यावर शिवराई ठेवतो. एकेकाने यावे. हातावर घेऊ नका, टॉवेलवरून उचला, कडेने धरा, हा दिवा तिरपा आहे, भिंग इथे आहे. हिला आता आणखी काय बट्टा लागायचा? तेव्हा चुकण्याची भीती न बाळगता हिच्यावर हात बसवून घ्या. आणि मग घरी जाऊन आईची ट्रंक उघडा.

मात्र आधी हात धुवा. कारण बाहेर कंदी पेढे ठेवले आहेत, आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी ते येतानाच खाल्लेत, हे मी इथून पाहिले आहे.